मायकेल फॅरडे आणि मधल्या पदार्थाचें कार्य

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आतां विजेचा पंखा असतो. तो मंद फिरूं लागला म्हणजे वायरमन येतो, पंख्याचें झांकण सोडवितो, आणि आंतील एक लहानशी डबी काढून तिच्या जागीं दुसरी बसवितो. तिला तो कंडेन्सर म्हणतो; शाळेच्या पुस्तकांत तिचें नांव धारित्र असें आहे. त्या डबीवर अडीच एमएफडी किंवा असाच कांहीं आंकडा छापलेला असतो. हीं अक्षरें कसलीं, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. पहिल्या अक्षराचा अर्थ दशलक्षांश असा आहे. राहिलेलीं दोन अक्षरें एका मनुष्याच्या नांवावरून आलेलीं आहेत. तो मनुष्य एका लोहाराचा मुलगा होता. त्यास शाळा जेमतेम मिळाली, आणि वरच्या प्रतीचें गणित त्यास जन्मभर आलें नाहीं. त्याचें नांव मायकेल फॅरडे. त्याचें चरित्र, आणि त्या डबीच्या पोटांत चालणारें जें कार्य त्यानें जगास उघड करून दाखविलें तें, हीं दोन्हीं आज एकत्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मायकेलचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स ह्या ठिकाणीं झाला. वडील जेम्स फॅरडे हे उत्तर इंग्लंडांतून पोटासाठीं लंडनास आलेले लोहार. त्यांची प्रकृति नेहमीं नादुरुस्त असे, म्हणून भात्याचें काम नियमानें होत नसे आणि घरांत चार मुलें. १८०१ सालीं धान्य फार महाग झालें, तेव्हां आठवड्यास एक पाव ह्या मुलाच्या वांट्यास येई, आणि तो त्यानें सात दिवस पुरवावा लागे. ह्या कुटुंबाचा संबंध सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीशीं होता. स्कॉटलंडच्या राजमान्य मंडळींतून निघालेले हे लोक शास्त्रवचन अक्षरशः पाळण्याचा यत्न करीत. पगारी पाळक त्यांच्यांत नसे. आपल्यांतूनच वडील व सेवक नेमून ते उपासना चालवीत, आणि उपासनेच्या दिवशीं सर्वजण एकत्र भोजन करीत. ह्या साध्या मंडळीशीं मायकेलचा संबंध लहानपणीं जडला तो मरेपर्यंत सुटला नाहीं.

तेराव्या वर्षीं तो रीबो नांवाच्या एका पुस्तकविक्याच्या दुकानीं निरोप्या म्हणून लागला. घरोघरीं वर्तमानपत्रें पोंचवावीं व परत आणावीं, हें त्याचें काम. पुढील वर्षीं, म्हणजे १८०५ सालीं, मालकानें त्यास सात वर्षांच्या करारानें पुस्तकबांधणीच्या कामीं उमेदवार ठेविलें. जीं पुस्तकें बांधावयास येत तीं तो रात्रीं वाची. एका ज्ञानकोशांतील विजेवरचा लेख व जेन मार्सेट बाईंचें रसायनशास्त्रावरील पुस्तक ह्यांनीं त्याचें मन वेधून घेतलें. मात्र वाचलें म्हणून तो मानीत नसे. जुन्या बाटल्या व लांकडाचे तुकडे जमवून त्यानें घर्षणानें वीज उत्पन्न करणारें लहानसें यंत्र केलें, आणि पुस्तकांतील गोष्ट खरी आहे कीं काय हें स्वतः पाहिलें.

१८१२ सालीं एका ग्राहकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंतील हम्फ्री डेव्ही ह्या प्रसिद्ध रसायनवेत्त्याच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें तीं व्याख्यानें ऐकून सविस्तर लिहून काढलीं, आकृति काढल्या, आपल्या हातानें पुस्तक बांधलें, आणि तें डेव्ही साहेबांकडे पाठवून शास्त्राच्या सेवेंत जागा मागितली. ता. १ मार्च १८१३ रोजीं त्याची प्रयोगशाळेंत साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. आठवड्यास पंचवीस शिलिंग वेतन, आणि राहण्यास माडीवर दोन खोल्या. त्याच संस्थेंत त्यांनीं पुढील सर्व आयुष्याचें काम केलें.

१८२१ च्या जून महिन्यांत त्यांचा विवाह सारा बार्नार्ड ह्या आपल्याच मंडळींतील मुलीशीं झाला, आणि पुढील महिन्यांत त्यांनीं मंडळीपुढें आपल्या विश्वासाची कबुली दिली. त्याच वर्षीं त्यांनीं विजेच्या योगानें तार चुंबकाभोंवतीं फिरवून दाखविली. ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यांस असें आढळलें कीं, तारेच्या एका वेटोळ्यांतील प्रवाह सुरू किंवा बंद केला असतां शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते. विजेचीं जनित्रें व रोहित्रें ह्याच शोधावर उभीं आहेत, आणि त्याबद्दल त्यांचें नांव सर्वत्र घेतलें जातें. परंतु १८३७ सालचें त्यांचें काम तितकें प्रसिद्ध नाहीं. पंख्याच्या डबीचा संबंध त्या कामाशीं आहे, म्हणून तें आम्ही थोडें विस्तारानें सांगतों.

वीज सांठविण्याची युक्ति १७४५ च्या सुमारास सांपडली होती. कांचेच्या बरणीस आंतून व बाहेरून धातूचा पत्रा लावावा, आणि आंतल्या पत्र्यास वीज द्यावी, म्हणजे ती तेथें सांठून राहते. दोन्ही पत्र्यांस एकदम हात लागला तर मोठा धक्का बसतो. हिला लायडेनची बरणी म्हणत. धारित्र म्हणजे हेंच: धातूचे दोन पत्रे, आणि त्यांच्यामध्यें वीज वाहूं न देणारा कांहीं पदार्थ. आतां बहुतेक गणिती विद्वान असें समजत कीं, एका ठिकाणची वीज दुसऱ्या ठिकाणच्या विजेवर अंतरावरूनच परिणाम करिते. त्यांच्या हिशेबांत भार किती व अंतर किती एवढेंच येई. मध्यें कांच आहे, गंधक आहे कीं नुसती हवा आहे, ह्याची गणना ते करीत नसत. मधला पदार्थ त्यांस केवळ भिंतीसारखा वाटे.

फॅरडे ह्यांस हें पटेना. मधला पदार्थ कांहींच करीत नाहीं हें ठरविलें कोणी, आणि कोणत्या प्रयोगानें, हा त्यांचा प्रश्न होता. तो सोडविण्यासाठीं त्यांनीं अगदीं एकसारखीं अशीं दोन उपकरणें करविलीं. प्रत्येकांत पितळेचा एक पोकळ गोल, आणि त्याच्या मधोमध पितळेचा दुसरा लहान गोळा. दोहोंमध्यें सर्व बाजूंनीं सुमारें पांच अष्टमांश इंच जागा मोकळी. आंतला गोळा ज्या दांड्यावर धरला होता तो लाखेचा होता, कारण लाखेंतून वीज निसटत नाहीं. लाख ही आमच्या देशांतील लोकांस नवी नाहीं. पळस, बोर व कुसुंब ह्या झाडांवर एक लहानसा किडा ती करितो, आणि बांगड्यांसाठीं व मोहोरेसाठीं ती आमच्याकडे पिढ्यानुपिढ्या वापरण्यांत आली आहे. तीच शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपानें विकतात, तिला चपडा लाख म्हणतात.

प्रयोग असा होता. प्रथम दोन्ही उपकरणांत हवाच ठेवून एकास विजेचा भार द्यावयाचा, आणि मग तें दुसऱ्यास जोडावयाचें. दोन सारख्या हंड्या तळाशीं नळीनें जोडल्या असतां एकींतील पाणी दोहोंत सारखें वांटलें जातें, तसा हा भार निम्मा निम्मा होई. नंतर फॅरडे ह्यांनीं एका उपकरणाच्या मोकळ्या जागेंत लाखेची वाटी बसविली, आणि तोच प्रयोग पुन्हां केला. आतां वांटणी सारखी होईना. ज्यांत लाख होती तें उपकरण हवेच्या उपकरणापेक्षां जास्त भार आपल्याकडे घेई. हंड्या बाहेरून तेवढ्याच, पितळ तेंच, अंतर तेंच; केवळ मधला पदार्थ बदलला, आणि सांठवण बदलली. त्यांच्या मापांवरून असें निघालें कीं, हवेच्या ठिकाणीं चपडा लाख घातली असतां सांठवण सुमारें दुप्पट होते, गंधक घातलें असतां २.२४ पट, आणि कांच घातली असतां १.७६ पट. पुढें अधिक सूक्ष्म साधनांनीं घेतलेलीं मापें ह्याहून मोठीं आलीं आहेत, परंतु मुख्य गोष्ट तीच राहिली. विल्यम ह्यूएल ह्या विद्वान मित्राच्या सूचनेवरून ह्या मधल्या पदार्थांस फॅरडे ह्यांनीं डायलेक्ट्रिक असें नांव दिलें, आणि तेंच आजही चालू आहे.

ह्यापासून भार, विद्युत्-दाब व ऊर्जा ह्या तिहींवर काय परिणाम होतो, हें एका उदाहरणानें नीट ध्यानांत येईल. धातूच्या दोन तबकड्या समोरासमोर ठेवा, मध्यें हवा असूं द्या, आणि त्यांस बॅटरी लावून शंभर व्होल्टपर्यंत भारित करा. आतां बॅटरी सोडून घ्या, आणि मधली सर्व जागा भरेल असा गंधकाचा तक्ता हळूच आंत सरकवा. आजच्या मापांप्रमाणें गंधकाचा गुणांक सुमारें चार आहे. तबकड्यांवरील भार जाणार कोठें? त्यास वाटच नाहीं. म्हणून तो होता तेवढाच राहतो. परंतु दाब शंभराचा पंचवीस होतो. सांठलेली ऊर्जा ही भार व दाब ह्यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. म्हणून तीही एक चतुर्थांश उरते. मग उरलेले तीन भाग कोठें गेले? ते नाहींसे झाले नाहींत. तक्ता कडेशीं आणला म्हणजे तबकड्याच त्यास आंत ओढूं लागतात, आणि ती ऊर्जा त्या ओढण्यांत खर्च होते. तक्ता पुन्हां बाहेर काढावयाचा तर आपल्यास जोर लावावा लागतो, आणि आपण लावलेला तो जोर ऊर्जेच्या रूपानें परत जमा होतो.

दुसरा प्रकार ह्याच्या उलट. बॅटरी जोडलेलीच ठेवा, आणि तक्ता आंत घाला. आतां दाब उतरूं शकत नाहीं, कारण बॅटरी तो शंभरावरच राखिते. तेव्हां भार वाढतो, आणि तो चौपट होतो. सांठलेली ऊर्जाही चौपट होते. हा जास्तीचा भार बॅटरी पुरविते. तिनें जेवढी नवी ऊर्जा दिली तिचा अर्धा भाग सांठवणींत पडतो, आणि अर्धा तक्ता ओढण्याच्या कामीं लागतो. वस्तु तीच, कृति तीच. केवळ बॅटरी जोडलेली आहे कीं सोडलेली आहे ह्यावरून परिणाम निराळा होतो. विद्यार्थी येथेंच चुकतात, म्हणून प्रथम तेवढें विचारून घ्यावें.

असें कां होतें, ह्याचें कारण आज आपल्यास ठाऊक आहे. गंधक, लाख किंवा कांच ह्यांतून वीज वाहत नाहीं हें खरें. परंतु त्यांच्या प्रत्येक कणांत धन व ऋण असे दोन्ही अंश असतात. तबकड्यांच्या ओढीनें ते आपली जागा सोडून जात नाहींत, तरी किंचित् सरकतात, ऋण अंश धन तबकडीकडे आणि धन अंश ऋण तबकडीकडे. त्यामुळें तक्त्याच्या दोन्ही पृष्ठांवर उलट जातीचा थोडा भार दिसूं लागतो, आणि तो तबकड्यांचा जोर कांहीं अंशीं फेडून टाकितो. म्हणून तेवढ्याच भारास दाब कमी पुरतो. मात्र ह्या ताण सोसण्यासही मर्यादा आहे. कोरड्या हवेंत दर मिलिमीटरास सुमारें तीन हजार व्होल्टांपलीकडे ताण गेला म्हणजे हवा फुटते, आणि ठिणगी पडते. चांगल्या डायलेक्ट्रिक पदार्थास अधिक ताण सोसतो, म्हणून तबकड्या अधिक जवळ आणतां येतात. पंख्याच्या डबीत असाच प्लास्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा धातूच्या पातळ थरांसह गुंडाळलेला असतो.

न्यायाच्या दृष्टीनें येथें आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. फॅरडे ह्यांच्या पूर्वीं सुमारें साठ वर्षें हेन्री कॅव्हेंडिश ह्या श्रीमंत व एकांतप्रिय इंग्रज शास्त्रज्ञानें हीच गोष्ट मोजून पाहिली होती. परंतु त्यानें ती कोणास सांगितली नाहीं. मापाखालीं झांकलेल्या दिव्याप्रमाणें त्याचे कागद पेटींत पडून राहिले, आणि १८७९ सालीं जेम्स क्लार्क मॅक्स्वेल ह्यांनीं ते छापून काढले तेव्हांच लोकांस कळलें. फॅरडे ह्यांस ह्याचा गंधही नव्हता. सर्व मार्ग त्यांस पुन्हां चालावा लागला.

ह्या कामाची त्यांस मोठी किंमत द्यावी लागली. १८३९ च्या अखेरीस त्यांस घेरी येऊं लागली, स्मरणशक्ति दगा देऊं लागली, आणि कित्येक वर्षें मोठें काम बंद ठेवावें लागलें. त्यांचें म्हणणेंही सर्वांनीं लगेच मानलें असें नाहीं. अंतरावरून होणाऱ्या क्रियेचें गणित पक्कें बसलेलें होतें, आणि ज्यास गणिताची भाषा येत नाहीं अशा मनुष्यानें त्यावर शंका घ्यावी हें विद्वानांस रुचत नव्हतें. १८४५ सालीं विल्यम टॉमसन ह्या तरुण गणित्यानें दाखवून दिलें कीं, फॅरडे ह्यांचीं मापें व जुनें गणित ह्यांत खरा विरोध नाहीं. पुढें मॅक्स्वेल ह्यांनीं फॅरडे ह्यांच्याच कल्पनांवर विजेचें नवें गणित उभारलें. जें लोहाराच्या मुलानें हातानें चांचपून ओळखलें होतें तें गणितानें मागाहून मान्य केलें.

त्याच काळांत मंडळींतही त्यांच्यावर दुःखाचा प्रसंग आला. १८४० सालीं ते वडील नेमले गेले होते. १८४४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस मंडळींत मतभेद होऊन अनेकांबरोबर त्यांसही बाहेर ठेवण्यांत आलें. सर्व युरोपांत ज्याचा सन्मान होत होता असा हा मनुष्य त्या लहानशा मंडळीच्या निर्णयापुढें नम्र झाला. कांहीं आठवड्यांतच त्यांस पुन्हां आंत घेतलें. परंतु वडीलपण परत मिळण्यास १८६० साल उजाडलें. ह्या सोळा वर्षांत ते दुसऱ्या कोणत्या मंडळीकडे गेले नाहींत.

मधल्या पदार्थाचें महत्त्व व्यवहारांत केवढें आहे हें १८५३ च्या सुमारास दिसून आलें. तारायंत्राच्या तारा समुद्रांतून नेण्यासाठीं त्यांवर गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचें वेष्टन घालीत. अशी शंभर मैल लांबीची तार पाण्यांत बुडवून ठेविली असतां एक चमत्कार दिसला. बॅटरी काढून घेतल्यावरही तारेंतून धक्का बसे. तीच तार हवेंत ठेविली म्हणजे तसें होत नसे. फॅरडे ह्यांनीं प्रयोग पाहिले, आणि उलगडा केला: आंत तांब्याची तार, मध्यें गटापर्चा, बाहेर पाणी, ही तर शंभर मैल लांबीची लायडेनची बरणीच झाली. ती भरल्यावांचून संदेश पुढें पोंचत नाहीं, आणि रिकामी झाल्यावांचून दुसरा पाठवितां येत नाहीं. १८५८ सालीं अटलांटिक महासागरांत टाकलेल्या तारेवर अतिशय मोठा दाब लावण्यांत आला, आणि ती थोड्याच आठवड्यांत निकामी झाली. पुढें हा धडा शिकून तारा केल्या गेल्या, आणि १८७० सालीं अशी एक तार एडनवरून मुंबईस येऊन पोंचली.

फॅरडे ह्यांची राहणी शेवटपर्यंत साधी होती. कारखान्यांच्या कामांतून पुष्कळ पैसा मिळविणें त्यांस शक्य होतें, परंतु धन सांठविणें त्यांच्या मंडळीच्या शिकवणीस धरून नव्हतें, आणि संशोधनासाठीं त्यांनीं तो मार्ग सोडून दिला. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यांनीं नाकारलें. नाताळच्या सुटींत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याचें काम मात्र त्यांनीं १८२७ पासून १८६० पर्यंत एकोणीस वेळां आवडीनें केलें. प्रयोगशाळेंत त्यांचा सोबती तोफखान्यांतून आलेला सार्जंट अँडरसन हा होता. सुमारें चाळीस वर्षें तो त्यांच्याजवळ राहिला. ज्या शोधांवर एकाचें नांव आहे त्यांत ह्या दुसऱ्याचे हातही लागलेले आहेत.

१८५८ सालीं राणी व्हिक्टोरिया ह्यांनीं हॅम्प्टन कोर्ट येथें एक घर त्यांस राहण्यास दिलें. तेथें ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, आपल्या खुर्चीवर बसले असतां, त्यांचा अंत झाला. राजेरजवाड्यांच्या शेजारीं वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांस जागा मिळाली असती. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणें हायगेट येथील दफनभूमींत, राजमान्य मंडळीबाहेरील लोकांसाठीं राखलेल्या भागांत, त्यांस साधेपणानें मूठमाती देण्यांत आली. कबरेच्या दगडावर नांव आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेंच आहे. पुढें १८८१ सालीं पॅरिस येथें जमलेल्या विद्युत्-शास्त्रज्ञांच्या परिषदेनें सांठवणीच्या मापास फॅरड हें नांव कायम केलें. तेंच डबीवरच्या दोन अक्षरांत आहे.

शेवटीं वाचकांस एक व्यवहाराची सूचना केल्यावांचून हा लेख संपविणें बरें नाहीं. पंख्याची किंवा विहिरीवरच्या पंपाची वीज बंद केली तरी त्या डबींत भार शिल्लक असूं शकतो. तो दिसत नाहीं, आवाज करीत नाहीं, तरी हात लागतांच धक्का देतो. म्हणून मुलांस ती उघडूं देऊं नये, आणि माहितगार मनुष्याकडूनच ती बदलून घ्यावी. आणि तो ती बदलीत असतां मुलांनीं विचारलें कीं आंत काय आहे, तर दोन पत्रे आहेत एवढेंच सांगून थांबूं नये. त्यांच्या मधोमध जें कोणास दिसत नाहीं त्याचीही गोष्ट त्यांस सांगावी.